पहिलं पाऊल मोजायचं कुठून?

डोंबिवलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. लग्नाला चौदा वर्षं झालेली. रात्रीचे साडेदहा वाजलेत. तो लोकलला लटकत घरी आलाय आणि जेवून आडवा झालाय. ती ओट्यापाशी उभी राहून उद्याच्या डब्याची मटकी फडक्यात बांधतेय. काम उरकून ती आत येते, दिवा मालवते. तो तिच्या कमरेवर हात ठेवतो. “उद्या पाचला उठायचंय रे,” म्हणून ती कूस बदलते. हात मागे जातो. त्याच्या मनात नोंद होते: दर वेळी मीच, आणि दर वेळी नाहीच.

आता त्याच घरातली रविवारची दुपार. मुलगा क्लासला गेलाय. तिनं जेवणं लवकर आटोपलीत, न्हाऊन केस मोकळे सोडलेत. बेडरूमचा पडदा ओढून ती त्याच्याशेजारी येऊन बसते, उगाचच त्याची कॉलर नीट करते. तो मोबाइलवर मॅच बघतोय. मान वर न करता म्हणतो, “चहा टाकतेस?” ती उठते आणि चहा टाकते.

या दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, की तुमच्यात सुरुवात कोण करतं, तर तो म्हणेल, “मी.” तीसुद्धा बहुधा म्हणेल, “तोच.” रविवारची दुपार दोघांच्याही हिशेबात येणार नाही. दीर्घ सहजीवनातल्या शारीरिक जवळिकीवर जे संशोधन झालंय ते वाचताना मला ही दुपार सारखी आठवत राहते.

या विषयावरचा एक जुना आणि आजही उपयोगी पडणारा अभ्यास १९८९ सालचा, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठातला. सँड्रा बायर्स आणि लॅरी हाइनलाइन या संशोधकांनी जोडीदारासोबत राहणाऱ्या ७७ जणांना आठवडाभर रोजनिशी ठेवायला सांगितली. त्यात पुढाकार कुणी घेतला, समोरच्यानं काय केलं आणि मनात येऊनही कोण गप्प राहिलं हे लिहायचं होतं. पुरुषांनी पुढाकार जास्त वेळा घेतला होता, हे अपेक्षितच होतं. पण मनात येऊनही गप्प राहण्याचे प्रसंगही पुरुषांच्याच वाट्याला जास्त आले होते. आणि ‘बायका नेहमी नाही म्हणतात’ हा समज टिकला नाही. कुणाकडे किती वेळा विचारणा झाली हे लक्षात घेऊन हिशेब मांडला, तेव्हा नकार देण्यात स्त्री आणि पुरुष यांच्यात फरक उरला नाही. ज्याला जास्त वेळा विचारलं जातं, त्याचे नकारही जास्त दिसतात, एवढंच.

पुरुष जास्त पुढाकार घेतात हे पुढेही अनेक अभ्यासांत दिसलं. पटकन मिळणारं उत्तर म्हणजे हार्मोन्स. पण हार्मोन्सची गोष्ट नीट पाहिली तर ती भलत्याच ठिकाणी घेऊन जाते, आणि त्यासाठी माकडांकडे वळावं लागतं.

ऱ्हिसस जातीच्या माकडांवर प्रयोगशाळेत अनेक वर्षं काम झालं होतं. पद्धत साधी होती: लहानशा पिंजऱ्यात एक नर आणि एक मादी सोडायची आणि निरीक्षण करायचं. त्या पिंजऱ्यांत असं दिसे, की नरच पुढे सरसावतो आणि मादीच्या चक्राच्या जवळपास कुठल्याही दिवशी समागम होतो. म्हणजे मादीच्या इच्छेला फारसं महत्त्व नाही, असाच निष्कर्ष निघत होता. अटलांटाजवळच्या यर्कीस केंद्रात किम वॉलन यांनी हीच माकडं मोठ्या मोकळ्या आवारात, कळपात पाहिली आणि चित्र पालटलं. तिथे समागम मुख्यत: बीजोत्सर्गाच्या, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडण्याच्या, आसपासच्या दिवसांत होत होता, आणि सुरुवात मादी करत होती. ती कळपातून वाट काढत नराकडे जाई, त्याच्या मागे मागे फिरे, शेजारी बसे, हातानं जमिनीवर थाप मारी. १९८२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात वॉलन यांनी जागेचा हा परिणाम मांडला.

पिंजऱ्यात नेमकं काय बिघडत होतं? मोकळ्या जागेत मादी नराजवळ येऊन बसली, तर त्या येण्याला अर्थ असतो, कारण ती दूरही राहू शकली असती. लहान पिंजऱ्यात ती कायमच जवळ असते. जाणार कुठे? नराच्या लेखी मात्र जवळ असणं हाच इशारा. जागा आक्रसली, की मादीचं पाऊल दिसेनासं होतं आणि उरतं ते फक्त नराचं. चूक माकडांची नव्हती, पिंजऱ्याच्या मापाची होती.

माणूस म्हणजे ऱ्हिसस माकड नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण हा प्रयोग वाचल्यावर आपल्या घरांकडे पाहण्याची माझी नजर बदलली. नवरा-बायको रोज रात्री एकाच पलंगावर झोपतात. ही जवळीक निवडलेली नसते, ती घराची मांडणी असते. त्यामुळे शेजारी असण्यातून कुठलाही निरोप पोचत नाही, किंवा पोचतो तो चुकीचा. मग इशारा देण्यासाठी आणखी काहीतरी ठळक करावं लागतं, आणि ते करायची मुभा आपण परंपरेनं एकालाच दिली आहे.

मोजणीची हीच गफलत माणसांवरच्या अभ्यासांतही होती. स्त्रीच्या मासिक चक्राचा कामेच्छेशी संबंध आहे का, हे शोधताना पूर्वी बहुतेक संशोधक फक्त संबंध कधी आला ते मोजत. त्यातून काहीच नीट हाती लागत नसे. १९७८ साली डेव्हिड अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी सुरुवात स्त्रीनं केली ते प्रसंग वेगळे काढले, आणि त्यांत बीजोत्सर्गाच्या दिवसांत वाढ दिसली. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत ती दिसली नाही. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम कधी ठळक आला तर कधी पुसट, त्यामुळे कॅलेंडर बघून कुणी निष्कर्ष काढू नयेत. पण स्त्रीची इच्छा आकड्यांत दिसत नव्हती, कारण नवऱ्याच्या इच्छेचे आणि तिच्या इच्छेचे प्रसंग एकाच टोपलीत टाकले जात होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता ‘इच्छा’ या शब्दाकडे येऊ. १९६६ साली मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी लैंगिक प्रतिसादाचे टप्पे सांगितले. १९७०च्या दशकात हेलन सिंगर कॅप्लान यांनी त्याच्या आधी इच्छेचा टप्पा जोडला. आधी इच्छा, मग उत्तेजना, मग पुढचं, अशी सरळ रेषा. या रेषेत न बसणारी स्त्री ‘थंड’ ठरायची. व्हँकुव्हरच्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली या रेषेऐवजी वर्तुळ मांडलं. बराच काळ सोबत असलेल्या अनेक स्त्रियांत सुरुवातीला भूक अशी नसते, नाराजीही नसते. बोलणं, स्पर्श, निवांतपणा यांतून शरीर जागं होतं आणि इच्छा त्यानंतर येते. जेवायला बसल्यावर भूक लागते ना, तसं. हे पुरुषांतही घडतं, वय वाढतं तसं अधिकच, पण ते कबूल करायला पुरुषांना जड जातं.

ज्याची इच्छा आधी येते तो पुढाकार घेईल आणि ज्याची नंतर येते तो घेणार नाही, हे उघड आहे. त्यावरून दुसऱ्याला इच्छाच नाही असा अर्थ काढणं साफ चुकीचं ठरतं.

एरिक यानसेन आणि जॉन बँक्रॉफ्ट यांनी किन्सी इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या लैंगिकता-संशोधन संस्थेत मांडलेली कल्पना इथे जोडून घ्यावी. मेंदूत लैंगिकतेसाठी एक्सलरेटर असतो तसा ब्रेकही असतो, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र काम करतात. आपण सगळं लक्ष एक्सलरेटरवर देतो: नवी साडी, सहल, अत्तर. डोंबिवलीतल्या त्या बाईचा पाय ब्रेकवर आहे. मटकी, पाचचा गजर, पलीकडच्या खोलीत जागा असलेला मुलगा, सासूबाईंच्या गोळ्या संपल्यात ही आठवण. २०२२ साली एमिली हॅरिस, अकी गोरमेझानो आणि सारी व्हॅन अँडर्स यांनी मुलं असलेल्या, पुरुष जोडीदारासोबत राहणाऱ्या स्त्रियांवरचा अभ्यास छापला. घरकामाचा जास्त भार आपल्यावरच आहे असं सांगणाऱ्या स्त्रियांत नवऱ्याविषयीची इच्छा कमी आढळली. वाटणी न्याय्य नाही असं वाटणं आणि नवराही आपल्यावरच अवलंबून असलेलं आणखी एक मूल आहे असं वाटणं, या दोन गोष्टी त्यामागे दिसल्या. हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. दुपारी ज्याचे मोजे शोधून दिले, त्याच्याकडे रात्री प्रियकर म्हणून बघणं सोपं नसतं.

पुरुषांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फारशी कुणाला ठाऊक नाही. अनोळखी बाईच्या हसण्यात पुरुष नसलेला अर्थ शोधतात, हे मानसशास्त्रात पुष्कळदा नोंदवलं गेलंय. पण लग्न मुरलं की हे उलटं होतं. एमी म्यूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या तीन अभ्यासांत दिसलं, की दीर्घकाळ सोबत असलेले पुरुष जोडीदाराची इच्छा प्रत्यक्षाहून कमी धरतात. नकार नको असं ज्या दिवशी जास्त वाटतं, त्या दिवशी हा कमी लेखण्याचा कल वाढतो. म्हणजे तो कमरेवरून मागे गेलेला हात पुढच्या वेळी मुळात उचललाच जात नाही. तिची इच्छा असते, ती वाट बघते. त्याला ती दिसत नाही, कारण दिसली आणि चुकीची निघाली तर लागेल, ही धास्ती. याच अभ्यासांत असंही आढळलं, की पुरुषानं इच्छा कमी धरली त्या दिवशी स्त्रिया नात्याविषयी अधिक समाधानी होत्या. तिला गृहीत न धरता मन जिंकायचा थोडा प्रयत्न त्यामागे असावा, असं संशोधकांना वाटतं.

नकार लागतो हे खरंच आहे. किती काळ लागतो, हेही मोजलं गेलंय. २०२० साली कियर्स्टन डॉब्सन आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांच्या रोजनिशींवरून दाखवलं, की नकारानंतर लैंगिक समाधानातली घट ४८ तासांपर्यंत दिसते, तर होकारानंतरची वाढ ७२ तासांपर्यंत. होकार जास्त टिकतो, ही दिलाशाची गोष्ट. त्याच वर्षी जेम्स किम यांच्या गटानं नकाराच्या चार तऱ्हा वेगळ्या केल्या: माया जपत दिलेला, स्पष्ट कारण सांगून दिलेला, झोपेचं सोंग घेऊन टाळलेला आणि चिडून झिडकारलेला. पहिल्या तऱ्हेच्या नकाराचं नातं अधिक समाधानाशी जोडलेलं दिसलं. “आज नको, पण जवळ ये” यातला दुसरा अर्धा भाग झोपेच्या भरात राहून जातो. मला तर वाटतं, आपल्या घरांत तो म्हणायची सवयच नाही.

पण या सगळ्याच्या आधी नकार देता आला पाहिजे. त्याशिवाय पुढाकार या शब्दाला अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितलं, की इच्छा नसेल तर आपण नवऱ्याला नाही म्हणू शकतो. गोव्यात हे प्रमाण ९२ टक्के, देशात सर्वांत जास्त. बाकीच्या १८ टक्के स्त्रियांचं काय? त्यांच्या बाबतीत ‘सुरुवात कोण करतं’ हा प्रश्न विचारणं क्रूरपणाचं आहे. नवऱ्यानं केलेल्या जबरदस्तीला आपला कायदा, पत्नी १८ वर्षांवरची असेल तर, आजही बलात्कार मानत नाही. भारतीय न्याय संहितेतही हा अपवाद तसाच ठेवला गेला.

मराठीत हे बोलणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. स्त्रीलाही कामसुखाची इच्छा असते आणि त्यावर तिचा हक्क आहे, हे त्यांनी छापलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. नवऱ्याचं नाव घ्यायचं तेही वर्षातून एखाद्या वेळी उखाण्यात, अशा त्या काळी बाईनं “आज मला हवंय” हे कुठल्या शब्दांत म्हणायचं होतं?

शब्द नव्हते, तरी बायका काही ना काही सांगतच होत्या. माझी आजी परळच्या चाळीत एका खोलीत राहायची. आत सासूबाई, नणंद, तीन मुलं, आणि मोरीच्या बाजूला जुन्या लुगड्याचा आडोसा. पुरुषमाणसं बाहेर गॅलरीत झोपायची, आजोबाही तिथेच. रात्री त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचं काम आजीचं. एखाद्या रात्री ती तांब्या ठेवायची नाही. मग मध्यरात्री आजोबा पाणी प्यायला आत यायचे. तांब्या उशाशी असला, की सकाळपर्यंत बाहेरच. हे तिनं मला ती ऐंशीची असताना सांगितलं, शेंगा सोलता सोलता. तेव्हा कुणी रोजनिशी ठेवली असती, तर त्यात लिहिलं असतं, नवरा उठून आला.