केसाचं मूळ नेमकं कुठे असतं?

हनुवटीवरचा एखादा राठ केस चिमट्याने उपटला की लगेच टाकून देऊ नका, त्याचं टोक उजेडात धरून बघा. कधी टोकाशी काळसर, ओलसर, मऊ फुगवटा दिसतो आणि त्याच्याभोवती जेलसारखं पारदर्शक आवरण असतं. कधी मात्र नुसता पांढरा, कोरडा, टाचणीच्या डोक्याहूनही बारीक गोळा असतो. बहुतेकांना वाटतं की हेच मूळ, आणि ते हातात आलं म्हणजे केस मुळासकट गेला. खरं तर दोन्ही वेळा मूळ जागेवरच राहिलेलं असतं. पहिला केस वाढीच्या अवस्थेत होता, दुसरा विश्रांतीच्या. ज्या यंत्रणेने ते केस बनवले, ती कातडीतच आहे आणि सवडीने पुढचा केस बनवणार आहे.

या यंत्रणेला केशपुटक म्हणतात. त्वचेचा वरचा थर खाली अंतस्त्वचेत ढकलला जाऊन तयार झालेला तो एक लांबट मोजा आहे असं समजा. मोज्याचं तोंड त्वचेवर उघडं, तळ आत खोल, आणि सगळा मोजा तिरका. आपल्या शरीरावर अशी सुमारे ५० लाख केशपुटकं असतात, त्यातली साधारण १ लाख डोक्यावर. आईच्या पोटात असतानाच ती सगळी तयार होतात; जन्मानंतर सहसा एकही नवं घडत नाही. बाईच्या गालावर आणि पुरुषाच्या गालावर त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक एवढाच की एकीकडे त्यातून लव येते आणि दुसरीकडे दाढी.

मोज्याच्या तळाशी केसाचा कंद असतो. त्याच्या पोटात खालून वर शिरलेला, रक्तवाहिन्यांनी भरलेला पेशींचा छोटा पुंजका म्हणजे पॅपिला. पॅपिलाच्या डोक्यावर मॅट्रिक्स नावाच्या पेशी बसलेल्या असतात. या पेशींची विभागणी शरीरातल्या सर्वांत वेगवान विभागण्यांपैकी आहे, म्हणूनच कॅन्सरच्या केमोथेरपीत डोक्याचे केस झडतात. या पेशी वर सरकत जातात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, मरतात आणि कडक होतात. तोच केस. डोक्यावर हे काम महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर या गतीने चालतं.

हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की पॅपिला आणि मॅट्रिक्स नष्ट केले की काम झालं. विजेच्या सुईने केस काढणाऱ्यांनाही अनेक दशकं हेच शिकवलं गेलं: सुई तळापर्यंत घाला, पॅपिला जाळा. तरीही काही केस परत येत. १९६०च्या दशकात रॉय ऑलिव्हर या ब्रिटिश संशोधकाने प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या मिशांवर प्रयोग केले. केशपुटकाचा तळाकडचा एक तृतीयांश भाग कापून टाकला, तरी उरलेल्या भागाने नवा पॅपिला बनवला आणि केस पुन्हा उगवला. त्याहून जास्त कापलं, तेव्हा मात्र उगवला नाही. म्हणजे केसाचा जीव नुसता तळाशी नव्हता, वरही कुठेतरी होता.

तो नेमका कुठे, हे १९९० साली कोत्सारेलिस, सन आणि लॅव्हकर या तिघा संशोधकांनी उंदरांच्या त्वचेत दाखवून दिलं. थंडीने किंवा भीतीने अंगावर काटा येतो तेव्हा केस उभा करणारा एक चिमुकला स्नायू आखडतो. तो स्नायू केशपुटकाला जिथे चिकटतो, तैलग्रंथीच्या जरा खाली, तिथे भिंतीला फुगवटा असतो. त्याला बल्ज म्हणतात. त्यात केसाच्या मूळपेशी राहतात. त्या एरवी जवळजवळ निद्रिस्त असतात आणि नवा केस सुरू करायची वेळ आली की जाग्या होतात. केस कायमचा घालवायचा तर तळ आणि हा फुगवटा, दोन्ही ठिकाणी पोचावं लागतं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण सुई किती खोल जाते, वीज किती वेळ सोडायची आणि केस वाढीच्या कोणत्या अवस्थेत गाठायचा, हे सगळं यावरून ठरतं.

ही सुईची पद्धत सौंदर्यासाठी जन्मली नाही, ती डोळ्याच्या डॉक्टरची देणगी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात चार्ल्स मिशेल नावाचे नेत्रवैद्य होते. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासणारे रुग्ण त्यांच्याकडे येत. हे दुखणं भयंकर असतं: प्रत्येक उघडझापीला बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा, आणि शेवटी दृष्टी जाते. खुपऱ्यांच्या आजारात आपल्या देशातही लोकांचे डोळे याच वाटेने गेले. भारतातून खुपऱ्यांचं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. पापणीचे असे केस उपटले तर पुन्हा यायचे. मिशेल यांनी बॅटरीच्या ऋण टोकाला बारीक सुई जोडली, ती केसाच्या मुळाशी घातली आणि मंद प्रवाह सोडला. तो केस परत आला नाही. १८७५ साली त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला, आणि थोड्याच काळात त्वचेच्या डॉक्टरांनी तो चेहऱ्याच्या केसांसाठी उचलला.

सुईच्या टोकाशी होतं काय? वीज केसाला जाळते असा सर्रास समज आहे, पण मिशेल यांच्या पद्धतीत जाळणं नाहीच. आपल्या ऊतींमध्ये मीठ आणि पाणी असतं. त्यातून एकाच दिशेने प्रवाह गेला की ऋण सुईभोवती सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं. हे तेच कॉस्टिक सोडा, जे तुंबलेल्या मोरीत ओततात आणि जे मोरीतले केस विरघळवतं. सोबत हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, त्यामुळे केशपुटकाच्या तोंडाशी बारीक पांढरा फेस दिसतो. क्लोरीन आणि आम्ल धन टोकाकडे, म्हणजे ग्राहकाने हातात धरलेल्या दांड्याकडे तयार होतं, पण तिथे ते मोठ्या पृष्ठभागावर पसरत असल्याने सहसा त्रास होत नाही. तारा उलट्या जोडल्या गेल्या, तर मात्र आम्ल सुईपाशी बनतं, सुईचा धातू झिजून त्वचेत उतरतो आणि काळा डाग कायमचा राहू शकतो.

किती कॉस्टिक सोडा बनतो ते, किती विजेने किती रसायन बनतं हे सांगणाऱ्या फॅरेडेच्या नियमाने कागदावर काढता येतं. दाढीच्या जाड केसासाठी ०.४ मिलिअँपिअर प्रवाह २० सेकंद सोडला, तर साधारण ३.३ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन-सव्वातीन. एवढ्याशा थेंबाने एक केशपुटक संपतं आणि शेजारची त्वचा शाबूत राहते. या धंद्यात त्यासाठी एक सोपं मोजमाप आहे: एक दशांश मिलिअँपिअर प्रवाह एक सेकंद, म्हणजे एक एकक. वरच्या उदाहरणात ८० एककं झाली. ओठांवरच्या बारीक केसाला याहून पुष्कळ कमी पुरतात.

इथे त्वचेची रचना आपल्या मदतीला येते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, कोरड्या पेशींचा आहे आणि केशपुटकाचं तोंड तैलग्रंथीच्या तेलाने माखलेलं असतं. दोन्ही विजेला फारसं पुढे जाऊ देत नाहीत. खाली मात्र ओल असते. त्यामुळे कॉस्टिक सोडा जिथे हवा तिथेच, म्हणजे खोलवर, जास्त बनतो आणि वरची कातडी वाचते. ज्यांची त्वचा आतून फार कोरडी पडलेली आहे त्यांच्यावर काम हळू होतं.

दुसरी पद्धत उष्णतेची. फ्रान्समधल्या लियों शहरात आंरी बोर्दिए यांनी १९२०च्या दशकात ती केसांसाठी वापरली. यात प्रवाह दिशा बदलत सेकंदाला सुमारे १ कोटी ३५ लाख वेळा मागेपुढे होतो. इतक्या वेगात आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, कुठेच पोचत नाहीत, त्यामुळे रसायन बनत नाही, पण सुईभोवतीचं पाणी तापतं आणि पेशींमधली प्रथिनं गोठतात. काम क्षणात होतं. मात्र उष्णता सुईच्या अगदी जवळच राहते. सुई सरळ आणि केशपुटक वाकडं असेल तर तळ सुटतो. पातळ कॉस्टिक सोडा वळणात शिरतो, उष्णता शिरत नाही. वर्षानुवर्षं उपटून आणि वॅक्सिंग करून वाकडी झालेली केशपुटकं आपल्याकडे भरपूर दिसतात, म्हणून हा फरक आपल्याला जास्त महत्त्वाचा. १९४०च्या दशकात आर्थर हिंकेल आणि आंरी सेंट पिअर यांनी दोन्ही प्रवाह एकाच सुईतून सोडणारं यंत्र बनवलं. गरम कॉस्टिक सोडा थंडपेक्षा कितीतरी झपाट्याने काम करतो, हे त्यामागचं साधं गणित. त्या मिश्र पद्धतीला ब्लेंड म्हणतात.

यंत्र कोणतंही असो, हात चुकला तर सगळं चुकतं. सुईचा व्यास ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर, टोक गुळगुळीत. ती त्वचेला भोसकायची नसते. केसाच्या शेजारून, केसाच्याच कलाने, आधीपासून असलेल्या वाटेने सरकवायची असते. वाट बरोबर असेल तर अडथळा लागत नाही आणि सुई जाताना टोचल्याचं कळत नाही. आत जाताना त्वचा खळगीसारखी दबली किंवा रक्ताचा ठिपका आला, तर सुई भिंतीतून बाहेर गेली आहे. मग चिमट्याने केस धरला की तो अलगद, काहीही न ओढता बाहेर यायला हवा, आवरणासकट. केसाला हिसका द्यावा लागला तर ते नुसतं महागडं प्लकिंग झालं. ग्राहकालाही हे कळतं. हिसका जाणवला तर तिथल्या तिथे सांगा. चांगली इलेक्ट्रॉलॉजिस्ट, म्हणजे विजेच्या सुईने केस काढणारी तज्ज्ञ, त्याचा राग मानणार नाही. आणि सुई निर्जंतुक, पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली आणि फक्त तुमच्यासाठीच वापरलेली असली पाहिजे. यात तडजोड नको.

आता वेळेचा प्रश्न. लग्न ठरलं की महिनाभर आधी पार्लरमध्ये येऊन ‘कायमचं करून टाका’ म्हणणाऱ्या मुली असतात. ते शक्य नसतं, आणि दोष सुईचा नसतो. प्रत्येक केशपुटक आपापल्या घड्याळाने वाढ, माघार आणि विश्रांती अशा फेऱ्या घेतं. डोक्यावर वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा असतो. चेहऱ्यावर आणि हातापायांवर तो त्याहून फारच आखूड. त्यामुळे कोणत्याही दिवशी चेहऱ्यावरची कितीतरी केशपुटकं रिकामी किंवा निजलेली असतात. आज दिसणारे सगळे केस काढले तरी पुढच्या दोन महिन्यांत शेजारची केशपुटकं जागी होतात आणि वाटतं, तेच केस परत आले. एक जागा पूर्ण साफ व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं.

गाठायला सर्वांत सोयीचा केस असतो नुकताच वाढीला लागलेला. तेव्हा केशपुटक आखूड असतं, तळ आणि बल्ज जवळजवळ असतात, दोन्ही एका दमात सापडतात. म्हणून जाणकार इलेक्ट्रॉलॉजिस्ट येण्याआधी तीन-चार दिवस ती जागा वस्तऱ्याने साफ करायला सांगतात. त्यानंतर जे वर येतात ते नक्की वाढीतले. हे ऐकून बायका दचकतात, कारण वस्तरा लावला की केस राठ होतात अशी पक्की समजूत आहे. वस्तरा फक्त वरचा मृत भाग कापतो, केशपुटकाला त्याचा पत्ताही नसतो. सेंट लुईसमध्येच काम करणाऱ्या शरीररचनातज्ज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली मोजमापं करून दाखवलं होतं की वस्तऱ्याने केसाची जाडीही बदलत नाही आणि वेगही.

लेझर लवकर होतो, मग सुई कशाला? लेझर केसातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याला तापवतो. काळा, जाड केस आणि गोरी त्वचा असेल तर ते झकास चालतं. केस पांढरा असेल तर लेझरला पकडायला काहीच नसतं. रजोनिवृत्तीनंतर हनुवटीवर येणाऱ्या पांढऱ्या ताठ केसांवर लेझरचे पैसे वाया जातात, सुईला मात्र रंगाशी कर्तव्य नाही. बारीक लवेवर लेझर मारला तर कधीकधी ती उलट जाड होते. सावळ्या त्वचेत वरच्या थरातही मेलॅनिन भरपूर असतं, त्यामुळे लेझरचा वापर जपून करावा लागतो. सुईलाही आपल्या त्वचेत एक पथ्य आहे. सावळी त्वचा जराशा इजेनेही काळे डाग धरते आणि ते महिनोन्‌महिने रेंगाळतात. म्हणून एकमेकांना खेटून असलेले केस एका बैठकीत काढू नयेत, शेजारच्या दोन जागांची उष्णता मिळून त्वचा भाजते. नंतर धरलेली बारीक खपली नखाने काढू नये, लिंबू चोळू नये, उन्हापासून जपावं. तिळावरचा किंवा मशावरचा केस डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कुणी हात लावू नये, आणि हृदयात पेसमेकर असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं.

संप्रेरकांचा भाग मात्र सुईच्या आवाक्याबाहेरचा आहे. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून त्वचेतच डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनतं, आणि त्याच्या प्रभावाखाली हनुवटीवरचं लवेचं केशपुटक फेरीगणिक मोठं, खोल होत जातं. त्यातला केस जाड आणि काळा होतो. पीसीओएसमध्ये, म्हणजे संप्रेरकांचं संतुलन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या विकारात, हेच घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या १०० पैकी १० ते १३ स्त्रियांना पीसीओएस असतो, आणि बहुतेकींना तो असल्याचं माहीतही नसतं. सुईने संपवलेलं केशपुटक संपलं, पण शेजारच्या लवेला हुकूम सोडणारं रक्त तेच आहे. अशा मुलीला आई-मावशीने पार्लरमध्ये नेण्याबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही न्यावं. पाळी अनियमित असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी. आणि केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा व्हायला लागला, तर सुई बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावेत, कारण क्वचित यामागे अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ असते.