पेंडीतली बुरशी आणि दुधातले विष

पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गोठ्यात सरकी पेंडीचे पोते उघडले, की ओल्या भिंतीला टेकलेल्या बाजूला हिरवट-पिवळी ढेकळे निघणे नवलाचे नसते. ती वेचून टाकायची आणि उरलेली पेंड उन्हात पसरून जनावरांना घालायची, असा अनेकांचा शिरस्ता असतो. पेंडीचे भाव पाहता अख्खे पोते उकिरड्यावर टाकवत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु या उपायाने दिसणारी बुरशी जाते, तिने पेंडीत सोडलेले विष जात नाही.

ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशींच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले आणि त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत या विषाचा छडा लागला. कोंबड्या आणि बदके यांच्या मानाने गाय ते बरेच सोसते. तिची भूक मंदावते, दूध घटते, यकृत बिघडते, पण लक्षणे इतकी मोघम असतात की दोष पेंडीकडे सहसा जात नाही.

पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनच्या बी-१ या प्रकारातला काही भाग गाईच्या यकृतात एम-१ हा दुसरा प्रकार बनतो आणि दिवसाभरात दुधात उतरतो. हे प्रमाण साधारणतः एक ते तीन टक्के असते, जास्त दूध देणाऱ्या गाईंत त्याहून अधिक. समजा, किलोमागे १०० मायक्रोग्रॅम विष असलेले पाच किलो खाद्य गाईने खाल्ले आणि त्यातले दोन टक्के दहा लिटर दुधात उतरले, तर लिटरमागे एक मायक्रोग्रॅम एम-१ येते. भारतातली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपीय संघाची ०.०५. दूध उकळून हे विष नष्ट होत नाही, आणि ते केसिन या प्रथिनाला चिकटत असल्याने पनीरमध्ये त्याची तीव्रता वाढते. दिलासा एवढाच, की दूषित खाद्य बंद केल्यावर ते काही दिवसांत दुधातून ओसरते.

या बुरशीला पुणे जिल्हा दोन्ही टोकांनी सोयीचा आहे. मावळ-मुळशीच्या दमट हवेत ती साठवणीत फोफावते, तर इंदापूर-बारामतीकडच्या अवर्षणात दाणे भरताना पाण्याचा ताण पडलेल्या मक्यावर ती शेतातच शिरकाव करू शकते. त्यामुळे कोरड्या तालुक्यातून आलेला मका म्हणून निर्धास्त राहणे चूक आहे.

तपासणीतही एक मेख आहे. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. मूठभर दाण्यांत ते ठासून भरलेले आणि शेजारी अजिबात नाही, असेही असते. म्हणून वरची ओंजळभर पेंड प्रयोगशाळेत पाठवणे जवळजवळ निरर्थक आहे. अनेक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून घेतलेली पेंड नीट मिसळून तिचा नमुना द्यावा लागतो. वास आणि रंग यांवर तर मुळीच विसंबू नये, कारण बुरशी मेल्यावरही विष टिकून राहते.

मका साठवण्यापूर्वी त्यातला ओलावा बारा-तेरा टक्क्यांपर्यंत उतरलेला असावा, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचावीत. मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला हिरवा चारा, घट्ट दाबून हवाबंद ठेवावा आणि खड्डा उघडल्यावर रोज थर काढावा. बेंटोनाइट मातीसारखे विष धरून ठेवणारे पदार्थ खाद्यात मिसळल्याने अफ्लाटॉक्सिनचा काही भाग आतड्यात शोषला जात नाही, मात्र फ्युजेरियम बुरशीच्या बहुतेक विषांवर ही माती फारशी चालत नाही.