कसरती प्रतिकृती-विमानांतील इंधनटाकी व आयडलिंग

रेडिओ किंवा तारांच्या नियंत्रणाखाली लूप, गिरकी, स्पिन, उलटे उड्डाण अशा कसरती करणाऱ्या लहान विमानाच्या इंजिनाला प्रत्येक अवस्थेत शक्यतो सारख्या दाबाने इंधन मिळावे म्हणून टाकी, नळ्या व दाबाची जोडणी यांची विशिष्ट मांडणी करतात. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, जवळजवळ मिटलेला असतानाही इंजिन न थांबता मंद फिरत राहणे, म्हणजे आयडलिंग, बऱ्याच अंशी याच मांडणीवर अवलंबून असते. आयडलिंग बिघडले की हात आधी कार्ब्युरेटरमधल्या, इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईकडे जातो. दोष मात्र पुष्कळदा टाकीत निघतो. म्हणून दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

इंधन व प्रज्वलन : या विमानांची रूढ इंजिने ग्लो-प्लगची, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारी, बहुतेक दोन-धावी (टू-स्ट्रोक). इंधनात मिथेनॉल, एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि साधारण ५ ते १५ टक्के नायट्रोमिथेन असते. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या काही स्पर्धावर्गांत ८० टक्के मिथेनॉल व २० टक्के एरंडेल एवढेच प्रमाणित मिश्रण चालते. एरंडेल मिथेनॉलमध्ये सहज विरघळते, पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही. नायट्रोमिथेन ताकदीसाठी घालतात असा समज आहे, पण कमी प्रमाणात त्याचा खरा लाभ आयडलिंग स्थिर होण्यात दिसतो.

ग्लो-प्लगच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. बाजारात तो अमेरिकेतील रे आर्डेन यांच्यामुळे १९४७ च्या सुमारास आला, इतके सर्वमान्य आहे. त्यापूर्वीची प्रतिकृती-इंजिने ठिणगीवर चालत आणि कॉइल, कंडेन्सर व बॅटरी यांचे ओझे विमानाला वाहावे लागे. प्लगची परंपरा काही लेखक १८८० च्या दशकातील डाइमलर इंजिनांच्या तापत्या नळीपर्यंत नेतात. त्यांच्या मते तापलेला धातू मिश्रण पेटवतो, एवढेच या प्लगचे मर्म. दुसरे मत प्लॅटिनमच्या उत्प्रेरक गुणाकडे बोट दाखवते. तापलेली प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायूत ज्योतीविना लाल राहते हे हम्फ्री डेव्हींनी १८१७ मध्ये दाखवले, आणि १८२३ मध्ये डोबेरायनर यांनी प्लॅटिनमवर हायड्रोजन पेटवणारा दिवा तयार केला. सुरुवातीला तार तापवणारी बॅटरी काढल्यावरही प्लगची तार मिथेनॉलच्या बाष्पात तापलेली राहते आणि साध्या पेट्रोलवर तोच प्लग टिकाव धरत नाही, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. आयडलिंगशी याचा थेट संबंध आहे. मंद गतीत तारेला उष्णता कमी मिळते आणि मिथेनॉल बाष्पीभवनासाठी स्वतःच पुष्कळ उष्णता खेचते, त्यामुळे टाकीतून थोडे जास्त इंधन आले तरी तार विझते. काही प्लगांच्या तोंडाशी आडवी पट्टी असते. थ्रॉटल उघडताना कच्चे थेंब थेट तारेवर पडू नयेत म्हणून ती असते.

टाकीची उंची : टाकीतील इंधनाची पातळी आणि कार्ब्युरेटरची फवारनळी यांच्या उंचीत जेवढा फरक, तेवढा दाब कमीजास्त होतो. खानदेशातल्या वाचकाला हे ठिबक सिंचनावरून चटकन कळेल : उताराच्या वावरात खालच्या टोकाचा साधा ड्रिपर वरच्यापेक्षा जास्त पाणी सोडतो. विमानात तर हा उतार सतत बदलत असतो. नाक सरळ वर असताना टाकी फवारनळीच्या १५ सेंमी मागे असेल तर तेवढा इंधनस्तंभ उचलावा लागतो, म्हणजे सुमारे १.३ किलोपास्कल दाब खर्ची पडतो. लूपच्या तळाशी पाचपट गुरुत्वभार आला तर उंचीतला २ सेंमीचा फरक १० सेंमीसारखा वागतो.

टाकी नेमकी कुठे बसवावी याविषयी दोन प्रघात आहेत. एक म्हणतो, टाकीची मध्यरेषा फवारनळीच्या रेषेत किंवा सेंटीमीटरभर खाली हवी. दुसरा प्रघात उतरतानाच्या, म्हणजे टाकी जवळपास रिकामी असतानाच्या, पातळीला महत्त्व देतो आणि टाकी थोडी वर घेतो. नवशिक्याच्या विमानाला दुसरा चालून जातो. कसरतीत मात्र सरळ आणि उलटे उड्डाण सारखेच वाट्याला येत असल्याने पहिलाच सोयीचा. पारख अशी : सरळ उडताना मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी व हवा जास्त असलेले, भासले तर टाकी वर सरकवावी, उलटे उडताना लीन भासले तर खाली. सिलिंडर खाली करून बसवलेल्या इंजिनात कार्ब्युरेटरही खाली जातो आणि टाकी त्याच्याबरोबर खाली न्यायला विमानाच्या पोटात जागा उरत नाही. अशा वेळी जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातही इंधन आपसूक सिलिंडरमध्ये उतरते. त्याच अवस्थेत जोराने सुरू केल्यास पिस्टन द्रवावर अडतो व कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून आधी प्लग काढून पंखा हाताने फिरवून घ्यावा.

टाकीची अंतर्रचना : प्रचलित टाकी प्लॅस्टिकची, रबरी बुचाची. बुचातून दोन किंवा तीन पितळी नळ्या आत जातात. एकीला मऊ सिलिकॉन नळी व तिच्या टोकाला क्लंक, म्हणजे धातूचे वजन, जोडतात. इंधन जिकडे झुकेल तिकडे ते जाते. क्लंक मागच्या भिंतीपासून ६ ते ८ मिमी अलीकडे थांबला पाहिजे. टाकी हातात घेऊन हलवली की तो मोकळा खणखणतो. आवाज दबका आला तर नळी लांब झाली आहे. दुसरी नळी वरच्या कोपऱ्यापर्यंत वाकवून सायलेन्सरला जोडतात, तिथल्या दाबाने इंधन पुढे ढकलले जाते. तिसरी भरण्यासाठी.

नाकावर आपटलेल्या विमानात क्लंक पुढे उलटून तिथेच अडकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. जमिनीवर इंजिन उत्तम चालते, सपाट उड्डाणही होते, आणि नाक वर करताच ते बंद पडते. यावर उपाय म्हणून सिलिकॉन नळीच्या मधल्या भागात पितळी नळीचा तुकडा घालतात, म्हणजे ती पुढे दुमडत नाही. कापलेल्या पितळी नळीची कड कानशीने घासली नसेल तर सिलिकॉनला बारीक चीर पडते आणि हवेचे बुडबुडे येऊ लागतात. पूर्ण थ्रॉटलला ते खपून जातात, आयडलिंगला नाही. थरथरीने इंधनाला फेस येतो तोही असाच घातक. टाकीभोवती मऊ स्पंज गुंडाळावा, ती लाकडाला टेकू देऊ नये.

युनिफ्लो : तारांवर उडणाऱ्या कसरती विमानांत ही रचना रुळली. हवा आत आणणाऱ्या नळीचे तोंड इंधनाच्या आत, इंजिनाकडे इंधन नेणाऱ्या शोषनळीच्या जवळ ठेवतात. त्यामुळे पातळी उतरत गेली तरी शोषनळीशी दाब जवळपास स्थिर राहतो. तत्त्व सतराव्या शतकातील एद्म मारिओत यांच्या बाटलीचेच आहे. रेडिओ-नियंत्रित विमानांत ते फारसे पसरले नाही. तिथे सायलेन्सरचा दाब, पंप किंवा इंधनाचा दाब सारखा राखणारा पडद्याचा नियामक यांवर भर राहिला. पंप असल्यास टाकी गुरुत्वमध्याशी ठेवता येते आणि इंधन संपत गेले तरी विमानाचा तोल ढळत नाही.

आयडलिंगची जुळवणी : आधी मुख्य सुई, मग मंदगतीची सुई, हा क्रम मोडू नये. इंजिन तापल्यावर पूर्ण थ्रॉटलला विमानाचे नाक वर धरावे. गती किंचित वाढली तर ठीक, घसरली तर मिश्रण लीन आहे. मग थ्रॉटल खाली घेऊन कार्ब्युरेटरजवळ इंधननळी चिमटीत दाबावी. गती थोडी चढून तीन-चार सेकंदांत इंजिन थांबले तर मंदगतीची सुई जागेवर आहे. लगेच थांबले तर लीन. गती बरीच चढून ते रेंगाळत राहिले तर रिच, म्हणजे इंधन जास्त, आणि असे इंजिन लांब उतरणीनंतर थ्रॉटल उघडताच घुटमळून थांबते. मध्यम आकाराच्या दोन-धावी इंजिनाला मिनिटाला २,००० ते २,५०० फेरे पुरेसे होतात.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४३ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. १२ अंशांच्या डिसेंबरी सकाळच्या मानाने ४३ अंशांच्या दुपारी हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. त्यामुळे हिवाळ्यात लावलेली सुई उन्हाळ्यात रिच ठरते आणि पहिला फटका आयडलिंगला बसतो. उन्हात बुचाचे रबरही लवकर कडक होते. काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक. गाळणी इंधनाच्या कॅनच्या नळीवर लावावी, टाकी व कार्ब्युरेटर यांच्यामध्ये नको, कारण तिथे तिचा प्रत्येक सांधा हवा ओढण्याची जागा ठरतो. खरिपात मोकळे माळ थोडे आणि भोवती कपाशी. रावेर-यावलकडे केळीच्या बागा. तिथे हवेत बंद पडलेले इंजिन म्हणजे बहुधा विमानाचाच शेवट, म्हणून भरवशाच्या आयडलिंगचे मोल इथे जास्त. जळगाव विमानतळ व धुळ्याजवळील गोंदूरची धावपट्टी यांच्या परिसरात २०२१ चे ड्रोन नियम पाहूनच उड्डाण करावे.

मिथेनॉल विषारी आहे, हवेतील ओलावा शोषते, आणि त्याची ज्योत भर उन्हात जवळपास दिसत नाही. कॅन घट्ट झाकून सावलीत ठेवावा.

इतर इंजिने : चार-धावी ग्लो-इंजिने आणखी मंद चालतात, त्यांना उष्ण प्लग लागतो. पेट्रोल इंजिनांच्या कार्ब्युरेटरमध्ये क्रँककेसच्या स्पंदनांवर चालणारा पडद्याचा पंप असल्याने टाकीच्या उंचीचे बंधन सैल होते. मात्र पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगते, म्हणून नळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात.