एकाच रस्त्यावरचे तीन पगार: महाराष्ट्रातल्या बँक कॅशिअरची पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावी बाजारपेठेत शंभर पावलं चाललं की तीन बँका लागतात. एक राष्ट्रीयीकृत, एक सहकारी आणि एक खासगी. तिन्हीकडे काउंटरमागचा माणूस एकच काम करतो: नोटा मोजायच्या, स्लिपवर शिक्का मारायचा, संध्याकाळी कॅश जुळवायची. पगार मात्र तीन तऱ्हेचे. हा फरक कामातून आलेला नाही, प्रत्येक काउंटरच्या मागे असलेल्या इतिहासातून आला आहे.

बँक ऑफ बॉम्बे १८४० साली सुरू झाली, पुढे इम्पीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत तिचं रूपांतर झालं. या जुन्या बँकांमध्ये रोकड खजिनदाराच्या ताब्यात असे. तो स्वतःची माणसं आणी आणि तूट आली तर हमीही त्याचीच. नाणं बोटावर वाजवून खरं-खोटं ओळखणारे ते श्रॉफ (मुंबईत आडनाव म्हणून आजही टिकलेले). खजिनदार गेले, पण रीत राहिली. आजही कॅश कमी भरली की कॅशिअर आधी कचऱ्याची टोपली उलटी करतो, मग दिवसभराची व्हाउचरं पुन्हा चाळतो, आणि तरी जुळली नाही तर पाकीट काढतो.

पगाराचं गणित स्वातंत्र्याच्या सुमारास बदलायला लागलं. १९४६ मध्ये अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना स्थापन झाली. मग सेन, शास्त्री, देसाई असे लवाद आले. त्यांचे निवाडे ही कर्मचाऱ्यांसाठी जिव्हाळ्याची बाब होती. १९५४ मध्ये सरकारने बँक निवाड्यात फेरफार केला म्हणून कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी चक्क राजीनामा दिला. कारकुनांच्या पगारावरून मंत्रिपद सोडणं, हे आज वाचताना जरा अविश्वसनीयच वाटतं. १९६६ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात पहिला द्विपक्षीय करार झाला आणि लवादांची जागा वाटाघाटींनी घेतली. अशा करारांमुळे गडचिरोलीतल्या आणि फोर्टमधल्या कारकुनाची वेतनश्रेणी एकच, आणि महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला.

पगार ठरला, पण जागा वाढल्या त्या १९ जुलै १९६९ नंतर. राष्ट्रीयीकरण झालेल्या १४ बँकांत पुण्यात १९३५ साली नोंदलेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. गावोगाव शाखा निघाल्या आणि प्रत्येक शाखेला माणसं लागली. ती माणसं कोण, हा प्रश्न मुंबईत तापलेलाच होता. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने स्थानिक लोकाधिकार समित्यांमार्फत बँकांतल्या मराठी टक्क्याचा हिशेब मागायला सुरुवात केली. त्या राजकारणाबद्दल मतं काहीही असोत, पण त्या दोन दशकांत 'मुलगा बँकेत आहे' या एका वाक्यावर मराठी घरांत लग्नं ठरत होती.

तेव्हाची शाखा आठवून पाहा. चेक दिला की हातात पितळी टोकन. चेक लेजरवरून अधिकाऱ्याकडे आणि तिथून पेइंग कॅशिअरकडे जाई. मग जाळीआडून नंबर पुकारला जाई. एका चेकसाठी तीन-चार माणसं. संगणकाला संघटनांनी बराच काळ अडवलं ते याच माणसांसाठी. १९९३ च्या संगणकीकरण कराराने वाट मोकळी झाली आणि पुढे 'सिंगल विंडो' आली. जमा, पैसे काढणं, पासबुक, सगळं एकाच खुर्चीत. टोकन गेलं, पेइंग आणि रिसीव्हिंग हा भेदही गेला. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत देशभरातल्या सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली आणि त्यांतल्या बऱ्याच खुर्च्या पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. मग एटीएम, यूपीआय. २०१६ च्या नोटाबंदीत मात्र याच खुर्चीसमोर रात्री उशिरापर्यंत रांगा होत्या.

आज सरकारी बँकेतल्या कारकुनाचा मूळ पगार २४,०५० रुपयांपासून सुरू होतो. मार्च २०२४ च्या बाराव्या द्विपक्षीय कराराने ही श्रेणी ठरवली, आणि कारकुनाचं नावही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' केलं. भत्ते धरून मुंबईत सुरुवातीची एकूण रक्कम चाळीस हजारांच्या आसपास जाते. भरती २०११ पासून आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सामाईक परीक्षेतून होते. स्टेट बँक स्वतःची परीक्षा वेगळी घेते. जागा राज्यनिहाय असतात आणि मराठी यावी लागते. 'क्लार्कला बसतोय' म्हणणाऱ्या मुलांच्या मनात हीच वेतनश्रेणी असते.

सहकारी बँकांची गोष्ट वेगळी. कॉसमॉस १९०६ ची, सारस्वत १९१८ ची, म्हणजे राष्ट्रीयीकरणाच्या कितीतरी आधीच्या. पण हा करार त्यांना लागू नाही. पगार ज्या त्या बँकेच्या ताकदीवर ठरतो. मोठ्या बँकेत बरा, छोट्या नागरी बँकेत तुटपुंजा, आणि बँकच बुडाली तर दोन्ही शून्य. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले. खात्यातून सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, आणि चिडलेल्या खातेदारांना ते सांगायला संचालक नव्हे, काउंटरवरचे कर्मचारी बसले होते.

१९९४ च्या सुमारास आलेल्या नव्या खासगी बँकाही कराराबाहेरच. तिथला टेलर, म्हणजे काउंटरवरचा कॅशिअर, बहुधा अधिकारी म्हणून नेमला जातो, पगार वैयक्तिक करारावर आणि संघटना जवळजवळ नाहीच. नोटा मोजता मोजता त्याला विम्याचं आणि क्रेडिट कार्डाचंही विचारावं लागतं. महिनाअखेरीस त्याच्याकडे कॅशबरोबर टार्गेटचाही हिशेब मागितला जातो.