क्षारता आणि अल्कलिनिटी: समुद्राच्या पाण्यातली बेरीज आणि वजाबाकी

काळ्या समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी महासागराच्या जेमतेम निम्मं खारट आहे, पण त्याची अल्कलिनिटी महासागरापेक्षा बरीच जास्त आहे. हे वाक्य पहिल्यांदा वाचणारा बहुधा अडखळतो, आणि त्यामागे 'क्षार' हा शब्द आहे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात 'क्षारता' म्हणजे पाण्याचा खारटपणा. रसायनशास्त्रात आम्ल आणि आम्लारी एकत्र येऊन जो पदार्थ तयार होतो तो क्षार. हिंदीत मात्र क्षार म्हणजे खुद्द आम्लारी, त्यामुळे तिकडून भाषांतरित होऊन येणाऱ्या मजकुरात 'क्षारीय' शब्द कधी खारट या अर्थाने वाचला जातो, कधी आम्लाच्या विरुद्ध या अर्थाने. शेतीच्या भाषेत हा घोळ कमी आहे. तिथे क्षारयुक्त, म्हणजे खारट, जमीन वेगळी आणि चोपण, म्हणजे अल्कधर्मी, जमीन वेगळी, हे शब्दातच दिसतं. समुद्राच्या बाबतीत तशी सोय नाही, म्हणून या लेखात खारटपणाला क्षारता म्हणतो आणि दुसऱ्या गुणधर्माला, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेला, सरळ अल्कलिनिटी.

दोन्हींतला फरक एका साध्या प्रयोगाने कळतो. समुद्राचं एक किलो पाणी घ्या. त्यात साधारण 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. आता त्यात एक ग्रॅम खायचं मीठ टाका. क्षारता 35 वरून 36 च्या जवळ जाईल, अल्कलिनिटी जिथे होती तिथेच राहील. दुसऱ्या भांड्यात तेवढंच पाणी घेऊन मिठाऐवजी फक्त 0.2 ग्रॅम खायचा सोडा टाका. क्षारतेत नावापुरता फरक पडेल, पण अल्कलिनिटी जवळजवळ दुप्पट होईल.

चिमूटभर सोड्याने एवढा फरक का पडतो, याचं उत्तर क्षारता आणि अल्कलिनिटी कशा मोजल्या जातात त्यात आहे. माझ्या मते सगळा विषय एका वाक्यात पकडता येतो: क्षारता ही बेरीज आहे आणि अल्कलिनिटी ही वजाबाकी.

बेरीज आधी पाहू, कारण ती सोपी आहे. पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजलं की क्षारता. त्या 35 ग्रॅममध्ये क्लोराइड 19 ग्रॅमहून थोडं जास्त, सोडियम पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम. एवढ्या सहा नावांत 99 टक्क्यांहून जास्त वजन संपतं. 1872 ते 1876 या काळात 'चॅलेंजर' हे ब्रिटिश जहाज जगभर फिरलं आणि त्याने वेगवेगळ्या समुद्रांतून, वेगवेगळ्या खोलींवरून पाणी भरून आणलं. रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी त्यातल्या 77 नमुन्यांचं पृथक्करण केलं आणि 1884 मध्ये निष्कर्ष मांडला: पाणी कमी खारट असो की जास्त, त्यातल्या मुख्य घटकांचं आपसातलं प्रमाण जवळपास सगळीकडे तेच असतं. कारण सोडियम किंवा क्लोराइड एकदा समुद्रात आलं की कोट्यवधी वर्षं तिथेच राहतं, आणि महासागराचं पाणी एकदा ढवळून निघायला हजार वर्षांच्या आसपास पुरतात. या प्रमाणामुळेच पूर्वी फक्त क्लोराइड मोजून क्षारता काढता यायची, आणि आज पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहून काढता येते.

मग क्षारता जागोजागी बदलते कशी? उघड्या समुद्रात क्षार सहसा येत-जात नाहीत, पाणी येतं-जातं. बाष्पीभवनाने शुद्ध पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पाऊस, नद्या आणि वितळणारा बर्फ पाणी परत आणतात. तांबड्या समुद्राचं वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी वाफ होऊन जातं आणि त्याला मोठी नदी एकही मिळत नाही, म्हणून त्याच्या उत्तर टोकाला क्षारता 40 च्या वर. बाल्टिक समुद्राच्या मध्यभागी ती 7 च्या आसपास. एकाच अक्षांशावरचे अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर पाहा: पहिल्याच्या उत्तर भागात 36 च्या वर, दुसऱ्याच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर 30 च्याही खाली, कारण गंगा आणि ब्रह्मपुत्रेचं पाणी तिथे येऊन पसरतं. अटलांटिक महासागर पॅसिफिकपेक्षा खारट असण्याचं एक मोठं कारण वारे आहेत. अटलांटिकवरची वाफ ते मध्य अमेरिकेची अरुंद पट्टी ओलांडून पॅसिफिककडे नेतात, तिथे तिचा पाऊस पडतो, आणि मीठ मात्र अटलांटिकमध्येच राहतं.

आता वजाबाकी. विरघळलेले क्षार पाण्यात आयनांच्या रूपात असतात, काही धनप्रभारी, काही ऋणप्रभारी. यातले बहुतेक असे आहेत की आम्ल घाला नाहीतर सोडा, त्यांचा प्रभार बदलत नाही. सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हे असे पक्के धन आयन. क्लोराइड, सल्फेट, ब्रोमाइड हे पक्के ऋण आयन. 35 क्षारतेच्या एक किलो पाण्यातला पक्का धनप्रभार मोजला तर तो सुमारे 605 मिलिमोल भरतो (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक, मिलिमोल त्याचा हजारावा भाग). पक्का ऋणप्रभार सुमारे 603. मधली दोन-सव्वादोन मिलिमोलची तफावत कुणीतरी भरून काढलीच पाहिजे, कारण पाण्यावर एकूण प्रभार शून्यच असतो. ती भरून काढतात बायकार्बोनेट, कार्बोनेट आणि थोडं बोरेट, म्हणजे आम्ल घातलं की ते पचवणारे आयन. ही तफावत म्हणजे अल्कलिनिटी. प्रयोगशाळेत पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडत हे आयन संपेपर्यंत किती आम्ल पचलं ते मोजतात. महासागरात ती प्रति किलो 2300 मायक्रोमोलच्या, म्हणजे 2.3 मिलिमोलच्या, आसपास असते.

दोन मोठ्या आकड्यांतला हा बारीक फरक मला समुद्राच्या रसायनातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एक शिंपला तयार होताना काय होतं ते बघा. प्राणी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन कवच बांधतो. समजा, एक किलो पाण्यातून कवचात 10 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट गेलं. 35 ग्रॅमच्या बेरजेत 10 मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही, क्षारता मोजणाऱ्या उपकरणाला ते जेमतेम कळेल. पण कॅल्शियमच्या प्रत्येक आयनामागे दोन धनप्रभार कमी झाले, म्हणून वजाबाकी 200 मायक्रोमोलने उतरली. 2300 पैकी 200, जवळजवळ नऊ टक्के! ढग, वारा आणि नद्या बेरीज हलवतात. वजाबाकीवर त्यांच्याबरोबर खडकांचा, कवचांचा आणि चिखलातल्या जिवाणूंचाही हात फिरतो.

याचा अर्थ अल्कलिनिटीचा क्षारतेशी संबंधच नाही असा नाही, आणि गोंधळ टिकून राहण्याचं हे खरं कारण आहे. पाणी आटलं की सगळंच दाट होतं, तफावतसुद्धा. त्यामुळे उष्ण कटिबंधातल्या मोकळ्या समुद्राच्या पृष्ठभागावर दोन्ही आकडे हातात हात घालून वर-खाली जातात, इतके की क्षारतेवरून अल्कलिनिटीचा चांगला अंदाज बांधता येतो. म्हणून समुद्ररसायनाचे अभ्यासक अल्कलिनिटीला क्षारतेने भागून 35 ने गुणतात. पाणी आटण्या-मिसळण्याचा परिणाम असा काढून टाकला की जे उरतं ते सांगतं, या पाण्याचं आणखी काय झालं.

उरतं ते बोलकं असतं. बाल्टिकची क्षारता महासागराच्या एक पंचमांश. तिथे समुद्राचं पाणी नुसतं शुद्ध पाण्याने पातळ झालं असतं, तर अल्कलिनिटी 460 च्या आसपास असायला हवी होती. प्रत्यक्षात मध्य बाल्टिकमध्ये ती 1600 च्या घरात आहे. कारण दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या नद्या चुनखडीवरून वाहत येतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पडलेलं पाणी चुनखडी विरघळवतं आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन समुद्रात उतरतं. त्याच बाल्टिकच्या उत्तर टोकाला, बोथनियाच्या आखातात, नद्या ग्रॅनाइटवरून येतात आणि तिथे अल्कलिनिटी पार खाली जाते. दोन्हीकडे गोडच पाणी, पण खडक वेगळा.

काळ्या समुद्रातही नद्यांचा वाटा मोठा आहे. पृष्ठभागावर क्षारता 18 आणि अल्कलिनिटी 3200 च्या वर. खोलात आणखी एक गोष्ट घडते. सुमारे दीडशे मीटरच्या खाली तिथे ऑक्सिजन नाही, आणि तिथले जिवाणू श्वसनासाठी सल्फेट वापरून त्याचं सल्फाइड करतात. सल्फेट पक्का ऋण आयन आहे, सल्फाइड नाही. म्हणजे वजा करायचा आकडाच लहान झाला आणि तफावत वाढली. तळाकडे अल्कलिनिटी 4000 पार करते. तांबड्या समुद्रात याच्या उलट. उत्तरेकडे जाताना पाणी आटत जातं तशी अल्कलिनिटी वाढायला हवी, पण ती क्षारतेच्या प्रमाणात वाढत नाही, कारण प्रवाळ आणि चुन्याची कवचं करणारे तरंगते जीव वाटेत कॅल्शियम उचलत राहतात.

महासागराच्या खोलात हाच हिशेब हजार वर्षांच्या प्रवासावर पसरलेला असतो. उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेलं थंड पाणी तळातून फिरत उत्तर पॅसिफिकमध्ये पोचतं. वाटेत वरून मेलेल्या जीवांची कवचं त्यात पडत राहतात, आणि थंडीत, दाबाखाली, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या पाण्यात विरघळतात. म्हणून उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्याची अल्कलिनिटी 2400 च्या वर असते, अटलांटिकच्या खोल पाण्यापेक्षा शंभराहून जास्त. क्षारतेत पाहिलं तर उलट अटलांटिकच किंचित पुढे. डिटमार यांच्या पृथक्करणातही कॅल्शियम खोल पाण्यात किंचित जास्त आढळलं होतं. त्यांच्या सगळ्या 'स्थिर' प्रमाणांत हा एक बारीक अपवाद होता, आणि तो विरघळलेल्या कवचांचा होता.

आता तिसऱ्या नातलगाबद्दल बोलावंच लागेल, कारण अल्कलिनिटी आणि सामू, म्हणजे पीएच, यांची गल्लत क्षारतेच्या गल्लतीइतकीच होते. सामू सांगतो पाण्यात या क्षणी हायड्रोजन आयन किती आहेत. अल्कलिनिटी सांगते ते पाणी किती आम्ल पचवू शकतं. समुद्राचा सामू औद्योगिक काळापूर्वी सरासरी 8.2 च्या जवळ होता, आता 8.1 च्या आसपास आहे, कारण माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र घेतो. यालाच समुद्राचं आम्लीकरण म्हणतात. पण कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने अल्कलिनिटी बदलत नाही! तो वायू प्रभाररहित आहे. त्यापासून एक हायड्रोजन आयन आणि एक बायकार्बोनेट तयार होतं, पक्क्या आयनांच्या हिशेबाला हात लागत नाही. सुरुवातीच्या प्रयोगात सोडा टाकल्यावर अल्कलिनिटी दुप्पट झाली, पण सामू मोजला असता तर तो उलट थोडा उतरलेला दिसला असता, कारण खायच्या सोड्यातलं बायकार्बोनेट समुद्राच्या पाण्याहून किंचित कमी अल्कधर्मी आहे.

खोल पॅसिफिकचं पाणी याचं मोठं उदाहरण आहे: अल्कलिनिटी जास्त, सामू कमी. विरघळलेल्या कवचांनी अल्कलिनिटी वाढवली, पण कुजलेल्या जीवांनी कार्बन डायऑक्साइड त्याहून जास्त भरला. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेचे वारे पृष्ठभागाचं पाणी बाहेर ढकलतात आणि खालचं असं पाणी वर येतं. 2007 च्या सुमारास तिथल्या एका कालव-पैदास केंद्रात कालवांचे डिंभ, म्हणजे अगदी लहान पिल्लं, मोठ्या संख्येने मरू लागले. आधी संशय जिवाणूंवर गेला. मग टाक्यांत येणाऱ्या पाण्याचं रसायन नियमित तपासलं, तेव्हा दिसलं की वर आलेल्या पाण्यात कार्बोनेट इतकं कमी पडतं की डिंभांना पहिलं कवच बांधता येत नाही. क्षारतेची तक्रार नव्हती, त्यामुळे मीठ घालून किंवा पाणी पातळ करून काही साधलं नसतं. केंद्राने आत येणाऱ्या पाण्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मोजून सोडायला सुरुवात केली. पाणी होतं तितकंच खारट राहिलं, आणि डिंभ कवचं बांधू लागले.