उलटप्रवाह प्रतिबंध (पिण्याच्या पाण्याची नळव्यवस्था)

साठलेले, वापरलेले किंवा दूषित पाणी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत उलटे शिरू नये म्हणून नळजोडणीत केलेली योजना. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, मग ती दिशा कोणतीही असो. वाहिनीतला दाब उतरला की बादलीतले, टाकीतले, प्रसंगी गटारातलेही पाणी तिच्यात जाऊ शकते, आणि पुढच्या वेळी नळ सोडला की तेच कुणाच्या तरी हंड्यात पडते.

उलटप्रवाहाची कारणे दोन. वाहिनीतला दाब वातावरणाच्या दाबाखाली गेला तर ती पाणी शोषून घेते. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याला तोलतो, त्यामुळे ही ओढ तत्त्वतः तीन मजले पाणी चढवू शकते. दुसरे कारण म्हणजे ग्राहकाच्या बाजूचा दाब वाहिनीतल्या दाबापेक्षा वाढणे. पंप, बॉयलर किंवा उंचावरची टाकी थेट वाहिनीला जोडली असेल तर पाणी मागे ढकलले जाते.

सतत पाणीपुरवठा असलेल्या शहरांतही यातून साथी पसरल्या आहेत. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात दोन हॉटेलांतल्या सदोष नळजोडण्यांमुळे अमीबाजन्य आमांश पसरला; १,४०९ जणांना बाधा झाली आणि ९८ दगावले. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टर इथे आग विझवण्यासाठी पाणी ओढले गेले तेव्हा वाहिनीतला दाब पडला. मैदानाला पाणी देणाऱ्या फवाऱ्यांच्या खड्ड्यांतले दूषित पाणी वाहिनीत शिरले आणि होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातल्या बहुतेकांना संसर्गजन्य काविळीची बाधा झाली.

तिकडे दाब पडायला आग लागावी लागली. मुंबईत तो रोज पडतो, आणि या विषयाचा इथला सगळा विचार त्यापासूनच सुरू व्हायला हवा. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. आज सात जलाशयांतून दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. ते भांडुप आणि पांजरापूर इथे शुद्ध होऊन मलबार हिल, भंडारवाडा यांसारख्या सेवा जलाशयांत, म्हणजे वस्त्यांना पाणी वाटणाऱ्या साठवण टाक्यांत, जाते. तिथून बहुतेक वस्त्यांना मात्र ते ठरलेल्या काही तासांतच मिळते. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की वाहिनी उताराकडे रिकामी होत जाते आणि उंच भागात निर्वात तयार होतो. गंजलेली, गटारातून किंवा गटाराशेजारून नेलेली जोडणी अशा वेळी सांध्यांमधून बाहेरचे पाणी आत घेते. पाणी सुटल्यावर सुरुवातीला येणारी गढूळ धार पिण्यासाठी भरू नये, ती धुण्याभांड्यांना वापरावी, याचे एक मोठे कारण हेच.

चाळीत आणि वस्तीत सर्वांत धोक्याची गोष्ट साधी असते: नळाला लावलेली आणि पिंपात बुडवून ठेवलेली नळी. पाणी गेल्यावरही तिचे टोक बुडालेलेच राहते, आणि शेजारच्या वाहिनीत ओढ निर्माण झाली की पिंप उलटे रिकामे होऊ लागते. नळाला थेट मोटर लावल्याने ही ओढ कैकपटीने वाढते. मोटर लावणाऱ्याला दोन हंडे जास्त मिळतात. वाहिनीत आलेली घाण मात्र त्याच्यासकट सगळ्या गल्लीच्या वाट्याला येते.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे हवेचे अंतर. नळाचे तोंड भांड्याच्या किंवा टाकीच्या काठापेक्षा, नळाच्या व्यासाच्या किमान दुपटीने आणि साधारणपणे २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही इतके, वर ठेवायचे. पाणी हवेतून खाली पडते. परत वर चढायला त्याला वाट राहत नाही. यात हलणारा भाग नाही, त्यामुळे झिजण्याचा प्रश्न येत नाही.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर, लोक नको इतका विश्वास टाकतात. पंपापुढे बसवलेला हा व्हॉल्व्ह वर चढलेले पाणी पंपावर परत येऊ नये यासाठी असतो. कचऱ्याचा कण किंवा क्षारांचा थर झडपेत अडकला की तो पुरता मिटत नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही. म्हणून आरोग्याचे रक्षण एकट्या व्हॉल्व्हवर सोपवू नये. रुग्णालये, प्रयोगशाळा, रासायनिक कारखाने अशा ठिकाणी दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये कमी दाबाचा कप्पा असलेले उपकरण बसवतात; झडप गळू लागली तर कप्प्यातले पाणी बाहेर सांडते आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. हे उपकरण पावसाळ्यात भरणाऱ्या खड्ड्यात किंवा तळघरात बसवू नये, कारण सांडण्याचे तोंडच बुडाले तर संरक्षण राहत नाही.

मुंबईच्या इमारतींत महापालिकेचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडते आणि मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत जाते. आत येणाऱ्या नळाचे तोंड ओव्हरफ्लोच्या पुरेसे वर असेल तर जमिनीखालची टाकी शहराच्या वाहिनीचे उत्तम रक्षण करते. बॉल कॉक पाण्यात बुडालेला असेल तर तीच टाकी धोक्याची ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पूर आला की पाण्याखाली गेलेल्या टाकीत हवेचे अंतर उरत नाही. टाकीचे झाकण आणि आत येणाऱ्या नळाचे तोंड पुराच्या पातळीपेक्षा वर घेणे त्यासाठीच महत्त्वाचे.

इमारतीतले फ्लॅट एकाच उतरत्या लाइनवर असतात. टाकी धुण्यासाठी वरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर वरच्या मजल्यावर बादलीत पडलेला शॉवर किंवा संडासातला जेट स्प्रे पाणी आत ओढू शकतो. जेटचे तोंड भांड्याच्या काठावर अडकवावे आणि त्याच्या जोडणीत निर्वातरोधक झडप (ओढ निर्माण झाली की हवा आत घेऊन ती मोडणारी) बसवावी.

फ्लशिंगसाठी बोअरवेलचे पाणी किंवा प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत आणखी एक धोका असतो. पाणी कमी पडले की पिण्याच्या आणि फ्लशिंगच्या टाक्यांमध्ये जोडपाइप टाकून व्हॉल्व्ह बसवला जातो. असा पाइप नसावाच. पिण्याचे पाणी फ्लशिंगच्या टाकीत द्यायचेच असेल, तर ते वरून, हवेतून पडू द्यावे.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावे आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळू नये. एरवी क्लोरीन दिसणाऱ्या नळावर ते अचानक नाहीसे झाले तर आधी जोडण्या तपासाव्यात. दोन लाइन कुठे मिळाल्या आहेत हे शोधायला प्लंबर सोपी चाचणी करतो: पिण्याची लाइन टाकीजवळ बंद करायची, फ्लशिंगची चालू ठेवायची, नळ उघडून लाइन पूर्ण रिकामी होऊ द्यायची आणि त्यानंतरही पिण्याच्या कोणत्या नळाला धार राहते ते प्रत्येक घरी जाऊन पाहायचे.