बावला खून खटला

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण, श्रीमंत व्यापाऱ्याचा खून झाला. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात चाललेला खटला या नावाने ओळखला जातो. मारेकऱ्यांना शिक्षा झाल्या, पण सुपारी कोणाची, हे कोणत्याही न्यायालयात कधीच ठरले नाही.

बावला मुमताज बेगमसह मोटारीतून फिरायला निघाला होता. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या जनानखान्यातून मुमताज निघून आली होती आणि काही केल्या परत जायला तयार नव्हती. दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने त्यांना अडवले. बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर सुरीचे वार केले. तिला उचलून नेणार तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे येऊन ठेपले. त्यांच्यातल्या लेफ्टनंट सेगर्टने हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपले आणि स्वतःही गोळी खाल्ली. प्रकरण कोणीही सांगो, ही काठी त्यात हटकून येते.

न्या. क्रम्प आणि ज्यूरीपुढे नऊ आरोपी उभे राहिले. त्यांत इंदूरच्या फौजेतले सरदार आनंदराव फणसेही होते. त्यांचे वकीलपत्र बॅ. जिनांकडे होते. तिघांना फाशी, फणसेंसह चौघांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, दोघे सुटले.

संस्थानिकावर ब्रिटिश हद्दीतल्या न्यायालयात खटला चालत नसे. त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात जे नाव आले नाही, ते वर्तमानपत्रांनी रोज छापले. आपल्या तान्ह्या मुलीला इंदुरात मारले, असे मुमताजने साक्षीत सांगितले. ते वाचून लोक हादरले. तरी तिच्या बोलण्यापेक्षा तिच्या रूपाचीच चर्चा अधिक झाली. कोहिनूर फिल्म कंपनीने तर त्याच वर्षी या प्रकरणावर बेतलेला मूकपट काढला.

अखेर सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी आपल्या अल्पवयीन मुलासाठी, यशवंतरावांसाठी, गादी सोडली. चौकशी झालीच नाही, त्यामुळे गुन्हा शाबीत होणे दूर, आरोपही रीतसर ठेवला गेला नाही. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले, तेव्हा परदेशी बातमीदारांनी बावलाचे नाव पुन्हा उकरून काढले.